बांधीतली पारख ठेकेदाराच्या जाहिरातीलाही लागू करा

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात मंडयांचा हंगाम लागतो. गावोगावी दंडार रंगते, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, घरे पाहुण्यांनी भरतात. याच सुमारास हलका धान निघालेला असतो, जड धान अजून उभा असतो आणि आधारभूत केंद्रावर काटा कधी सुरू होणार याची चौकशी चाललेली असते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. किती क्विंटल विकायचा, बोनस मिळेल का, सोसायटीचे कर्ज फेडून हाती काय उरेल, या हिशेबातूनच गावात घराचे बेत ठरतात. कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा, मागच्या सांदीत संडास-न्हाणी बांधायची, पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची. तिथून मृग लागेपर्यंतचे सहा-सात महिने बांधकामाचे.

लहान ठेकेदाराला वर्षाची कमाई याच महिन्यांत करायची असते. चार मिस्त्री, सात-आठ रेजा-मजूर, भाड्याने आणलेली सेंट्रिंग आणि एक मिक्सर एवढा त्याचा पसारा. वर्षाकाठी पाच-सात घरे आणि थोड्या दुरुस्त्या झाल्या तर वर्ष बरे गेले म्हणायचे. म्हणून याच काळात त्याची जाहिरातही सगळीकडे दिसते. महामार्गालगत फ्लेक्स, मंडईच्या मंडपात फलक, नाटकाच्या दोन अंकांमध्ये ध्वनिक्षेपकावरून पुकारलेले नाव, वर्तमानपत्रात घालून वाटलेले पत्रक, नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेच्या तळाशी छापलेला मोबाईल नंबर. जोडीला पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर कोपऱ्यात स्वतःचा फोटो.

या सगळ्यातून काम किती मिळाले? खर्चाचा आकडा बहुतेकांना सांगता येतो. कोणत्या खर्चातून कोणते घर मिळाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकतो. मागच्या वर्षी केले म्हणून यंदाही करायचे, शेजारच्याने लावला म्हणून आपणही फ्लेक्स लावायचा, असा हा व्यवहार चालतो. ज्या जिल्ह्यात शेतकरी धानाचे नवे वाण आधी एका कोपऱ्यातल्या बांधीत लावून पाहतो आणि मगच सगळ्या शेतात रोवणी करतो, तिथल्या ठेकेदाराने जाहिरातीचा पैसा असा डोळे झाकून टाकावा, हे खटकते. जाहिरातीलाही बांधी हवी. लहान, वेगळी, नोंद ठेवलेली.

झाडीपट्टीला हे नव्याने शिकवायची गरज नाही. भंडाऱ्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचा अल्पभूधारक शेतकरी होता. 1983 मध्ये ‘पटेल 3’ वाणाच्या धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी वेगळे लावले, पुढच्या वर्षी पुन्हा वेगळे लावले आणि वर्षामागून वर्षे ताडून पाहिले. त्यातून बारीक दाण्याचे जे वाण तयार झाले, ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून बाजारात गेले आणि देशभर पसरले. पुढे 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. 3 जून 2018 रोजी ते गेले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, मोठी जमीन नव्हती. होती ती वेगळे लावण्याची आणि लक्षात ठेवण्याची शिस्त.

हीच शिस्त शास्त्राच्या पातळीवर बांधण्यातही मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशात रुजवली. त्या दोघांचा शेती संशोधकांसाठीचा सांख्यिकीचा ग्रंथ 1954 मध्ये निघाला आणि कृषी विद्यापीठांत पिढ्यानपिढ्या वाचला गेला. पीक विम्याच्या निमित्ताने भंडाऱ्यातला प्रत्येक शेतकरी आज पीक कापणी प्रयोग हा शब्द ओळखतो. या पद्धतीचा गाभा साधा आहे. दोन वाणांची तुलना करायची तर ती सारख्या जमिनीत, सारख्या पाण्यावर करायची. एक वाण नहराच्या तोंडच्या बांधीत आणि दुसरे शेवटच्या कोरड्या बांधीत लावून पहिले चांगले म्हणणाऱ्याला कोणीही हसेल. ठेकेदार मात्र नेमके हेच करतो. पत्रक वाटतो डिसेंबरात तुमसरच्या बाजारपेठेत, फ्लेक्स लावतो जूनमध्ये पवनीच्या रस्त्यावर, आणि म्हणतो की पत्रक चालते, फ्लेक्स चालत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लहान ठेकेदाराला गिऱ्हाईक शोधायची एवढी निकड आता का आली? काही वर्षांपूर्वीपर्यंत अनेकांची भिस्त सरकारी कामांवर होती. ठराविक रकमेपर्यंतची कामे 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि 34 टक्के खुल्या ठेकेदारांना वाटायची पद्धत महाराष्ट्रात आहे. नाली, समाजभवन, शाळेची संरक्षक भिंत, अशा कामांवर कितीतरी तरुण अभियंत्यांनी धंदा उभा केला. पण काम करून देयक अडकले की लहान माणूस बुडतो. 2025 मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरातल्या ठेकेदारांनी आंदोलने केली. जलजीवन मिशनपासून रस्त्यांपर्यंत सगळीकडची रक्कम अडकलेली होती. अशा वेळी ज्याच्या हातात दोन खासगी घरे होती, त्याच्या मजुरांची आठवड्याची मजुरी निघाली. खासगी घराचा मालक हप्त्याहप्त्याने का होईना, रोख देतो. त्याच्यापर्यंत पोहोचणे ही आता पोटापाण्याची गोष्ट झाली आहे, म्हणून त्यासाठीचा पैसा वाया जाऊ नये असे पोटतिडकीने वाटते.

मग प्रयोग करायचा कसा? समजा, मोहाडी तालुक्यातल्या एका ठेकेदाराला दोन प्रकारची पत्रके ताडून पाहायची आहेत. एकावर मोठ्या अक्षरात चौरस फुटाचा दर. दुसऱ्यावर एकच वचन: स्लॅब पडल्यावर पूर्ण दहा दिवस तराई आम्ही करू. कागद, आकार, रंग सगळे सारखे. प्रत्येक पत्रकावर वेगळा मोबाईल नंबर. एकाच गावातल्या एका गल्लीत पहिले, पुढच्या गल्लीत दुसरे. पुढच्या गावात क्रम उलटा. वाटप एकाच आठवड्यात. एवढे केले की जमीन आणि पाणी सारखे झाले, फरक राहिला तो फक्त वाणाचा.

तराईचे, म्हणजे काँक्रीट पाणी मारून ओले ठेवण्याचे, उदाहरण उगाच घेतलेले नाही. काँक्रीटसाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा टिकवायला सांगितले आहे. दुकानांत आज मिळणारे पुष्कळसे सिमेंट मिश्र प्रकारचे असते. घरमालकाला हे ठाऊक नसते. तो दोन-तीन दिवस पाणी मारतो, मग धान मळणीला निघून जातो. स्लॅबला भेगा गेल्या की बोल ठेकेदाराला लागतो. तेव्हा दहा दिवसांचे वचन हा कामाचा दर्जाही आहे आणि जाहिरातही. ते गिऱ्हाईकाला भावते की नाही, हे मात्र लावून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित लोकांना दरच महत्त्वाचा वाटेल. तसे असेल तर तेही कळलेले बरे.

दुसरा असाच संदेश जिल्ह्याच्या अनुभवातून येतो. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे सोडलेले पाणी आणि वरचा पाऊस यांनी भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि नदीकाठची गावे बुडवली. मातीच्या भिंती विरघळल्या, घरे बसली. त्या पट्ट्यात घर बांधणाऱ्याच्या मनात आजही पहिला प्रश्न जोत्याच्या उंचीचा असतो. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने ही धास्ती वाढवली आहे. अशा गावात ‘पुराच्या खुणेच्या वर जोता’ एवढेच छापलेले पत्रक आणि ‘आकर्षक डिझाईन, वाजवी दर’ छापलेले पत्रक यांची तुलना करायला हवी. तेच पत्रक साकोलीच्या जंगलालगतच्या उंच गावात कुचकामी ठरेल. एका तालुक्यातला निकाल दुसऱ्या तालुक्यात तसाच्या तसा चालत नाही, हेही धानासारखेच.

आता यातली खरी अडचण, जिच्याबद्दल जाहिरातीचे सल्लागार सहसा बोलत नाहीत. लहान ठेकेदाराचे आकडे फार लहान असतात. समजा दोन पत्रकांवर मिळून 11 फोन आले. दरवाल्याला चार, तराईवाल्याला सात. तराई जिंकली का? नाणे 11 वेळा उडवून पाहावे. नाण्यात काहीही खोट नसताना निम्म्याहून अधिक खेपांना निकाल 7-4 किंवा त्याहूनही एकतर्फी येतो. गणिताने ही शक्यता सुमारे 55 टक्के निघते. म्हणजे सात विरुद्ध चार या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. फोन 9-2 असे विभागले गेले असते तर नुसत्या योगायोगाने तसे घडण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांवर येते, आणि 10-1 असतील तर ती जेमतेम एक टक्का राहते. तेव्हा कुठे ठामपणे बोलता येते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, लहान धंद्याने बारीकसारीक फरक तपासण्यात वेळ घालवू नये. पत्रक पिवळे की निळे, नाव वर की खाली, असले प्रश्न हजारो गिऱ्हाईके असलेल्या कंपन्यांना परवडतात. ठेकेदाराने ढोबळ आणि मोठे फरक तपासावेत: फ्लेक्स की पत्रक, दर की वचन, अनोळखी माणूस की जुन्या मालकाचा शेजारी. मोठा फरक असेल तर तो लहान आकड्यांतही दिसतो. दुसरी गोष्ट, नुसती मिळालेली घरे मोजली तर वर्षाला पाच-सातच आकडे हाती येतात. म्हणून घरापर्यंतच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा मोजायला हवा. फोन आला, जागा पाहायला बोलावले, अंदाजपत्रक मागितले, बयाणा दिला. चार रकाने आणि पाचवा ‘कुठून कळले?’ हा. शाळेच्या शंभर पानी वहीत हे बसते.

ही चार रकान्यांची वही फसव्या समजुती मोडते. फ्लेक्सवरचा नंबर पाहून फोन करणारे पुष्कळ असू शकतात, पण त्यांतले बरेच नुसता दर विचारून ठेवणारे असतात. उलट जुन्या मालकाने नाव सांगितलेला माणूस क्वचित येतो, पण आला की थेट जागा दाखवायला घेऊन जातो. समजा फ्लेक्सने वीस फोन आणि एक बयाणा दिला, तर शिफारशीने पाच फोन आणि तीन बयाणे. नुसते फोन मोजणारा पुढच्या वर्षी फ्लेक्सच वाढवेल. रकान्यांच्या शेवटी काय आले हे पाहणारा जुन्या मालकांकडे वळेल.

शिफारस ही या धंद्याची सर्वांत जुनी जाहिरात आहे, यात शंका नाही. पण ‘आपले काम तोंडी प्रचारावरच चालते’ असे म्हणून हात झटकणे बरोबर नाही, कारण शिफारशीवरही प्रयोग करता येतो. मागच्या तीन वर्षांत बांधून दिलेली घरे काढावीत, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कराव्यात, डोळे मिटून निम्म्या उचलाव्यात. त्या घरांना पहिल्या पावसानंतर लगेच भेट द्यावी, गळती आहे का, पाण्याचा उतार नीट आहे का, ते पाहावे, किरकोळ असेल ते तिथेच दुरुस्त करावे. उरलेल्या निम्म्या घरांना तीच भेट दिवाळीच्या तोंडावर द्यावी. कोणाचीही सेवा चुकत नाही, फक्त वेळ वेगळी. पुढच्या हंगामात शिफारशी कोणत्या घरांकडून जास्त आल्या ते वही सांगेल. कदाचित दिवाळीची भेटच अधिक कामाची ठरेल, कारण बेत तेव्हा ठरतात. कदाचित पावसातली, कारण गळणाऱ्या छताखाली विचारपूस करणारा माणूस विसरला जात नाही.

स्लॅबच्या दिवसाचेही तसेच. गावात स्लॅब पडतो तो दिवस छोट्या सणासारखा असतो. नारळ फुटतो, नातेवाईक येतात, मजुरांना जेवण होते, गल्लीतले लोक उभे राहून पाहतात. ठेकेदाराच्या दृष्टीने एवढे संभाव्य गिऱ्हाईक एका जागी पुन्हा मिळत नाही. तरी दाखवण्यासारखी खरी गोष्ट त्या दिवशी झाकली जाते. लोहा किती अंतरावर बांधला, खाली कव्हर ब्लॉक ठेवले की नाही, जोड कुठे दिले, हे काँक्रीट पडल्यावर कोणालाच दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी मालकाच्या परवानगीने शेजाऱ्यांना बोलावून बांधलेला लोहा दाखवावा, पंधरा मिनिटे समजावून सांगावे. तीन घरांवर हे करावे, तीन घरांवर करू नये आणि त्या-त्या गल्लीतून पुढे किती विचारणा आली ते पाहावे. हा प्रयोग जवळजवळ फुकट आहे, आणि तो यशस्वी झाला तर गावाला चांगले बांधकाम ओळखता येऊ लागेल, हा फायदा वेगळाच.

प्रयोग किती दिवस चालवायचा, हा प्रश्न अवघड आहे. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. पहिल्या हंगामाच्या विक्रीवर निकाल लावला असता तर नांगराचा कारखाना बंदच करावा लागला असता. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि 1920 मध्ये कारखान्याची माहिती गिऱ्हाईकांपर्यंत नेण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती तीच पुढे मराठीतले एक मोठे मासिक बनली. घर ही तर नांगराहून कितीतरी मोठी खरेदी. आज काम चालू असलेल्या जागेवरचा फलक पाहणारा माणूस दोन वर्षांनी घर बांधायला काढतो. त्यामुळे ‘कुठून कळले?’ याच्या जोडीला ‘पहिल्यांदा नाव कधी ऐकले?’ हेही विचारावे लागते. नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या फलकाचे श्रेय कालच्या पत्रकाला मिळते. कोणताही प्रयोग किमान एक पूर्ण हंगाम, दिवाळीपासून मृगापर्यंत, चालू द्यावा. आठ दिवसांत फोन आला नाही म्हणून बंद करू नये.

मोबाईलवरच्या जाहिरातीबद्दल गावात दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना ती शहरातली चैन वाटते, काहींना तीच आता सर्वस्व वाटते. दोन्ही मते तपासून पाहिलेली नाहीत. एक गोष्ट खरी की भंडाऱ्यातली पुष्कळ मुले नागपूर, पुण्याला नोकरी करतात आणि गावी आईवडिलांचे घर तीच बांधून देतात. हा खरा पैसे देणारा मालक महामार्गावरचा फ्लेक्स पाहत नाही. तो रात्री खोलीवर बसून मोबाईलवर शोधतो. गुगल नकाशावर धंद्याची नोंद फुकट होते, 2018 मध्ये आलेले व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसही फुकट आहे. दर शनिवारी कामाचे चार फोटो पाठवणाऱ्या ठेकेदारावर दूर बसलेल्या मुलाचा विश्वास बसतो की नाही, हे एका घरावर करून पाहण्यासारखे आहे. पैसे देऊन केलेली फेसबुकची जाहिरात मात्र जपून करावी. ती ठराविक परिघात दाखवता येते, हे खरे. पण त्या परिघातले बहुतेक प्रेक्षक घर बांधणारे नसतात, आणि पसंतीचे अंगठे चार रकान्यांपैकी एकाही रकान्यात बसत नाहीत.

फोटो टाकताना मालकाची परवानगी घ्यावी, खोटी स्तुती लिहून घेऊ नये, दुसऱ्याच्या घराचा फोटो आपला म्हणून लावू नये. ऑनलाईन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकच काढले आहे. घर बांधून देणे ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. पत्रकावर छापलेले वचन उद्या ग्राहक आयोगासमोर पुरावा म्हणून येऊ शकते. ते छापावे, पण पाळता येईल तेवढेच.

फ्लेक्सबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. परवानगीशिवाय खांबावर, झाडावर, चौकात फलक लावणे हे महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, 1995 नुसार गुन्हा आहे. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून 17 माणसे गेली. गावातला फ्लेक्स तेवढा मोठा नसतो, पण उन्हाळी वावटळीत वळणावर फाटून लोंबणारा फ्लेक्स दुचाकीस्वाराला पाडायला पुरेसा असतो. आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावरचा फोटो? त्याला जाहिरात म्हणू नये. तो ओळख ठेवण्याचा खर्च आहे, तो त्याच नावाने वहीत लिहावा. त्या खर्चातून किती बयाणे आले हे एका वर्षी प्रामाणिकपणे लिहून पाहिले तर पुढच्या वर्षीचा निर्णय अवघड राहणार नाही.

हे सगळे एकट्याने करणे जड आहे, आणि आकड्यांचा प्रश्न तरीही उरतोच. एका ठेकेदाराला वर्षात 11 फोन आले तर त्यातून फार काही कळत नाही. हेच भाताच्या वाणांचेही होते. म्हणून साकोली आणि सिंदेवाहीसारख्या संशोधन केंद्रांवर एकच वाण एकाच वर्षी वेगवेगळ्या ठिकाणी लावले जाते आणि आकडे एकत्र केले जातात. भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या दोन ठेकेदारांनी मिळून एकाच हंगामात एकच तुलना केली, दराचे पत्रक विरुद्ध तराईच्या वचनाचे पत्रक, तर 14 वह्या होतात. एकट्याच्या 11 फोनांऐवजी दीडशेच्या आसपास फोन हाती येतात, आणि मग फरक असेल तर तो दिसतोच.

ठेकेदार आपले आकडे दुसऱ्याला दाखवतील का, ही शंका रास्त आहे. पण लाखांदूरचा ठेकेदार तुमसरच्या ठेकेदाराचे गिऱ्हाईक कधी पळवत नाही, मजूर आणि सेंट्रिंग तेवढ्या लांब नेणे परवडतच नाही. स्पर्धा असते ती गावातल्या गावात. त्यामुळे तालुक्याबाहेरच्या माणसाशी वही मिळवून पाहण्यात कोणाचा तोटा नाही. हे काम ठेकेदारांच्या संघटनेने अंगावर घ्यावे. आकड्यांची बेरीज-वजाबाकी तंत्रनिकेतनातल्या स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावी, त्यांच्यापैकीच अनेक जण उद्या या धंद्यात येणार आहेत. जिल्हा उद्योग केंद्र नव्या उद्योजकांना कर्जाच्या योजना समजावून सांगते, त्याच बैठकीत ही चार रकान्यांची वही दाखवायला अर्धा तास पुरेल.

सर्वांत जास्त गरज आहे ती मिस्त्रीपणातून ठेकेदारीकडे वळणाऱ्यांना. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षण आहे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता दिले जाणारे. सपाट प्रदेशातल्या घरकुलाला या योजनेत 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, एवढ्या रकमेत काम बसवायला शिकलेला गवंडी काटकसरीत तरबेज असतो. त्याच्या हातात कसब असते, प्रमाणपत्र असते, पण पुढचे काम कुठून आणायचे हे त्याला कोणी शिकवत नाही. मग तो मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर जातो किंवा हैदराबाद, नागपूरची वाट धरतो. त्या 45 दिवसांत एक दिवस यासाठी ठेवावा: वही कशी आखायची, दोन नंबर कसे वापरायचे, बांधून झालेल्या घरकुलाच्या मालकाकडून पुढचे नाव कसे मागायचे. 10 जूनला रेती घाट बंद होतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत कामे मंदावतात. बेरजा मांडायला, निकाल एकमेकांना दाखवायला आणि दिवाळीनंतर कोणते पत्रक छापायचे ते ठरवायला हे साडेतीन महिने मोकळे असतात. यंदाच्या जूनपासूनच सुरुवात करता येईल.